अर्धा गाल

१

वाजवणाऱ्यांचे चेहरे मी जितके बघितलेत, तितके त्यांच्या बायकांनीही बघितले नसतील.

माझं काम स्पॉटचं. थिएटरच्या मागच्या भिंतीत, बाल्कनीच्याही वर, एक खोली आहे. खोली कसली, कपाटच म्हणायचं. एक मोठा दिवा, एक उंच स्टूल आणि समोर चौकोनी भोक. ज्याची पाळी असेल त्याच्या तोंडावर गोल उजेड टाकायचा, तो हलला की उजेडही हलवायचा. सातवीत शाळा सोडलेल्याला याहून बरं काम कोण देणार? हेही दादाने लावून दिलं.

दादा खाली चेलो वाजवायचा. गुडघ्यांत धरून वाजवतात ते मोठं व्हायोलिन. तोच मला काजव्या म्हणायला लागला, मग सगळं थिएटर म्हणायला लागलं.

वाजवताना माणसाच्या तोंडाचा ताबा सुटतो. आमचा ट्रम्पेटवाला सुटलेल्या बसमागे धावल्यासारखा दिसायचा. बासरीवाल्या बाई दूध नासलंय का हे हुंगून बघतायत असं वाटायचं. ड्रमवाला कुणावर तरी डूख धरून बसलेला. दादाला मी म्हणायचो, "अरे, लोक तिकीट काढून येतात. जरा बरी तोंडं करा."

तो म्हणायचा, "तोंड सूर काढत नाही काजव्या. तोंड फक्त सूर सांडू देत नाही."

दादाचा स्वतःचा चेहरा मात्र वाजवताना कोरा असायचा. फक्त शेवटच्या संथ धुनेत, त्याच्या एकट्याच्या वाजवण्याआधी, तो एक गोष्ट करायचा. नाकाने जोरात श्वास ओढायचा, जिभेने डावा गाल आतून फुगवायचा, उजवा डोळा मिटायचा आणि हळूच मान हलवायचा. थेट माझ्या उजेडाकडे बघून.

लोकांना वाटायचं, काय तल्लीन झालाय. मला माहीत होतं ते काय आहे.

शाळेत गुरुजी मला उभं करून वाचायला लावायचे. अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलायची. सगळा वर्ग खिदळायचा. तेव्हा वरच्या वर्गातला दादा पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर यायचा, आमच्या खिडकीत उभा राहायचा आणि हेच तोंड करायचा. गाल, डोळा, मान. म्हणजे, घाबरू नकोस, मी आहे. मीही तेच तोंड करून उत्तर द्यायचो. एकाने केलं की दुसऱ्याने करायचंच, असं आमचं ठरलेलं होतं.

आता, उजेडात बसलेल्याला आमची खोली दिसत नाही. पहिल्याच दिवशी शिकवतात हे. त्याला फक्त पांढरं भोक दिसतं, त्यामागे कोण आहे ते कळत नाही. हे मी दहा जणांना समजावलं असेल. पण दादाला मी दिसतो, असं मी धरून चाललो होतो. वर बसून मीही गाल फुगवायचो, डोळा मिटायचो. रोज.

२

दादा सकाळी दाढी करताना गेला.

मी त्याच्याकडे चहाला गेलो होतो. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. वहिनी धावली, तिच्यामागे मी. तो बेसिनखाली भिंतीला टेकून बसला होता, दमून बसतात तसा. उजवा गाल गुळगुळीत. डाव्या गालावर साबण तसाच, ब्रशच्या रेघांसकट. शेजारीपाजारी यायच्या आत मी तो माझ्या शर्टाच्या बाहीने पुसला. लोकांनी त्याला तसा बघायला नको म्हणून. वहिनीने बघितलं आणि मी बघितलं, तिसऱ्या कुणी नाही.

त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मी खूप वेळ बघत बसलो. मला वाटलं, करेल. माझ्यापुरतं, जाता जाता, एकदा करेल.

लोक म्हणाले, शांत गेला हो. मला त्या शांतपणाचा संताप येत होता.

३

थिएटर थांबत नाही. काही दिवसांनी दादाच्या खुर्चीत नवा माणूस आला. जाडसर, मवाळ, परगावचा. दादाला त्याने कधी पाहिलेलंही नव्हतं. सगळ्यांना भाऊ, ताई म्हणायचा. त्याचा राग यावा असं त्याच्यात काही नव्हतं, म्हणून मला जास्तच यायचा.

पहिला खेळ दुपारचा होता. तो तोंड उघडं टाकून वाजवायचा, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं. मी मनात म्हटलं, बरं झालं. हा वेगळा आहे तर उजेड टाकणं जमेल मला.

शेवटची संथ धून आली. बाकीची वाद्यं थांबली. मी गोल लहान करत करत त्याच्या तोंडावर आणला.

खोलीत नाकाने श्वास ओढल्याचा आवाज आला.

माझ्या डोक्यावर भिंतीत एक लहान स्पीकर आहे. स्टेजवरचा आवाज त्यातून वर येतो. दादाचा तो श्वास मी कायम त्यातूनच ऐकायचो. तेव्हा मी म्हटलं, यालाही सवय असेल. पण खाली त्याचं तोंड तर उघडंच होतं. तोंड उघडं ठेवून नाकाने असा श्वास ओढून बघा. तसा आवाज निघत नाही.

मग ते तोंड मिटलं. डावा गाल आतून फुगला. उजवा डोळा मिटला. मान हलली.

माझा हात दिव्यावरून सुटला. उजेड त्याच्या खांद्यावर घसरला, तिथून मागच्या पडद्यावर. बाल्कनीत कुणीतरी हसलं. मी उजेड परत आणला तोवर तो वाजवायला लागला होता. छान वाजवत होता, हेही सांगतो.

४

खेळ संपल्यावर मी जिन्यावरून जवळजवळ घसरतच खाली आलो. तो मागच्या बोळात चेलो पेटीत ठेवत होता. मी त्याची कॉलर धरली.

"कुणी शिकवलं तुला ते?"

"काय, भाऊ?"

"भाऊ म्हणू नकोस मला. ते तोंड. गाल फुगवून. कुणी सांगितलं?"

तो घाबरला. पण खोटं बोलणाऱ्याचं घाबरणं वेगळं असतं. "भाऊ, वाजवताना माझ्या तोंडाचं काय होतं ते मला खरंच कळत नाही. बायको म्हणते, तुम्ही झोपेतसुद्धा..."

"तू माझ्याकडे बघून केलंस."

"तुमच्याकडे?" त्याला हायसं वाटलं. "हां हां, तिथे! नाही हो, तुमच्याकडे नाही. ते खूण करतात ना, त्यांना मी उत्तर दिलं. समोरचा करतो तसंच तोंड होतं आपलं, नाही का? जांभईसारखं."

"कोण खूण करतात?"

"तुमच्या दिव्याला लागून उभे होते ते. मला वाटलं, सुरुवात कुठे करायची ते सांगायला थिएटरने ठेवलेत. फार बरं वाटलं हो. नवीन जागा, हातपाय गार पडले होते माझे. त्यांनी मान हलवली आणि एकदम धीर आला."

मी कॉलर सोडली. "उजेडातून वरचं काही दिसत नाही."

"मलाही तेच वाटायचं," तो म्हणाला. "बाकी काही दिसत नाही खरं. तुम्हीसुद्धा नाही. तेच तेवढे दिसले." मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने मला हसवायचा प्रयत्न केला. "फार घाईत आले असतील बिचारे. एका गालावर दाढीचा साबण तसाच होता."

५

मी खुळा नाही. मी नीट विचार केला.

साबणाचं माहीत असलेली माणसं दोन. मी सांगितलं नाही. म्हणजे वहिनीने सांगितलं. हा माणूस तिला भेटला असणार, तिने रडत रडत सगळं बोलून टाकलं असणार, आणि यानेही वाजवता वाजवता तेच तोंड करून दाखवलं असणार. एवढं साधं आहे, असं मी स्वतःला म्हणत होतो. वहिनीचा रागही येत होता. रागाने जरा उबदार वाटत होतं.

वर खोलीत आमचे वायरमन काका शिडीवर चढले होते. म्हातारे, तोंडाळ, पण कामात बाप माणूस.

"काय करताय काका?"

"तुझा हा डबा काढतोय. नवा बसवायचाय."

"राहू द्या ना. आवाज येतोय की त्यातून."

काकांनी खाली वाकून माझ्याकडे बघितलं. "कशातून?"

"स्पीकरमधून."

"बाळा, तुझा दादा गेला त्याच आठवड्यात उंदरांनी ही वायर खाल्ली." त्यांनी कुरतडलेलं टोक माझ्या नाकासमोर धरलं. तांबं बाहेर आलेलं, त्यावरही धूळ बसलेली. "हा मुका आहे. तू काय ऐकतोस यातून? आकाशवाणी?"

ते हसले. मी हसलो नाही, तेव्हा शिडीवरून उतरले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "घरी जा. जेवलास का काही?"

मी स्टुलाच्या उजव्या बाजूला बघितलं. भिंत आणि दिवा यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा. तिथे मी कधी काही ठेवत नाही. का ठेवत नाही, ते आठवेना.

६

"तुम्ही त्याला सांगितलंत," मी वहिनीला म्हणालो. चपलाही काढल्या नव्हत्या.

ती कपडे घडी करत होती. दादाचे शर्ट. "कुणाला? काय?"

मी सगळं सांगितलं. ती ओरडेल, रडेल, माझ्यावर तोंड टाकेल असं वाटलं होतं. तिने हातातला शर्ट नीट घडी केला, बाजूला ठेवला आणि म्हणाली, "भाऊजी, बसा."

"बसायचं नाहीये मला."

"मग उभ्याने ऐका. यांना तो दिसायचा."

"कोण?"

"तुमच्या शेजारचा. पहिल्या दिवसापासून. तुम्ही वर लागलात तेव्हापासून. घरी आल्यावर मला म्हणाले, काजव्याजवळ एक माणूस उभा असतो. अर्ध्या गालाला पांढरं. माझ्याचसारखा दिसतो, म्हणाले."

मला हसू आलं. कसं आलं कुणास ठाऊक. "आणि मला सांगितलं नाही?"

"तुम्ही घाबराल, काम सोडाल. असं म्हणाले."

"घाबरलो असतो तर मी घाबरलो असतो! माझ्या शेजारी उभा होता ना तो? दादाच्या नाही!"

तिने दुसरा शर्ट घडीला घेतला. मग हळू म्हणाली, "म्हणून तर घरी दाढी करायचे नाहीत. कायम सलूनमध्ये. घरात दाढीचा साबणसुद्धा ठेवू द्यायचे नाहीत. मी चिडवायची, एवढे कसले साहेब तुम्ही."

"पण त्या दिवशी..."

"त्या दिवशी स्वतःहून ब्रश काढला. ब्रश, साबण, सगळं नवं घेऊन आले होते आदल्या दिवशी. मी म्हटलं, आज काय विशेष? तर शीळ घालत आत गेले."

मी भिंतीला धरून उभा राहिलो. आतलं बेसिन तिथून दिसत होतं. कुणीतरी नळ नीट बंद केला नव्हता.

"वहिनी," मी विचारलं, "ते तोंड करायचा ना तो, गाल फुगवून. ते कुणासाठी होतं?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. तेवढ्याने कळलं, पण मला ऐकायचं होतं.

"सांगा."

"तो करायचा, म्हणून हे करायचे. मला म्हणाले, तो मला सांगतो की घाबरू नकोस. फार भीती वाटायची हो यांना, वाजवायच्या आधी. तुम्हाला कधी बोलले नाहीत."

"मी वरून करायचो. रोज करायचो."

"माहीत आहे," वहिनी म्हणाली. "तुम्हीच एकदा बोलला होतात. मी सांगितलं होतं त्यांना. म्हणाले, तिकडचा काजव्या काही दिसत नाही मला."

७

दुसऱ्या दिवशी दुपारी थिएटर रिकामं होतं. मी काकांना वर पाठवलं.

"दिवा लावून खुर्चीवर धरा. एवढंच."

"आणि तू काय करणार?"

"बसणार."

"तुझं डोकं फिरलंय," काका म्हणाले आणि जिना चढले. चढताना गुडघ्यांना शिव्या देत होते, त्या मला खालपर्यंत ऐकू येत होत्या.

माझा हिशेब सरळ होता. जो त्या खुर्चीत बसतो त्याला तो दिसतो. जो बसतो त्याच्याकडे बघून तो तोंड करतो. मग मी बसतो. परक्या माणसाला धीर देतो, मला नाही देणार? मी भाऊ आहे त्याचा. एकदा कर म्हणावं, मग हवं तिथे जा.

खुर्ची मधे बसकी झालेली होती. दादाच्या वजनाने. मी बसलो. स्टेजवर धूळ आणि जुन्या कापडाचा वास. वरून काकांचा आवाज आला, "लावू?"

"लावा."

उजेड आला आणि सगळं थिएटर गेलं. खुर्च्या, बाल्कनी, छत, काही राहिलं नाही. फक्त पांढरं भोक. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एवढी वर्षं मी लोकांच्या तोंडावर हे टाकत होतो तर. मी डोळे मिटू दिले नाहीत. असंच असतं, म्हटलं. काही दिसत नाही. नवा खोटारडा आहे, वहिनी दुःखाने काहीबाही बोलते, उंदरांचं काय, उंदीर सगळीकडे असतात.

मग भोकाच्या कडेला काहीतरी काळं झालं.

आधी खांदा. मग कान. दादाचा डावा कान जरा बाहेर आलेला होता, लहानपणी त्यावरून पोरं चिडवायची. मग गाल. गाल पांढरा होता, आणि त्यावर ब्रशच्या रेघा होत्या. साबण अजून ओला होता. इतक्या लांबून ओला कसा कळला, विचारू नका. चमकत होता.

मी जिभेने गाल फुगवला. उजवा डोळा मिटला. मान हलवली. आमचं ठरलेलं होतं. एकाने केलं की दुसऱ्याने करायचंच.

तो माझ्याकडे बघत होता. तोंड कोरं. बेसिनखाली होतं तसंच.

मी पुन्हा केलं. "दादा," म्हणालो. मग ओरडलो, "दादा, मी आहे! काजव्या!"

त्याचा हात वर आला. दिव्यापुढे एक पत्र्याचा पडदा असतो. तो ओढला की उजेड जागच्या जागी मरतो. तो पडदा सरकल्याचा आवाज मी झोपेतही ओळखेन.

अंधार झाला.

"ए!" वरून काका ओरडले. "मी नाही हां हात लावला! अरे, हा कोण..." नंतर धडपडत जिना उतरल्याचा आवाज आला. त्यांनी वर काय पाहिलं ते मला आजवर सांगितलेलं नाही. समोरून आलो तर रस्ता बदलतात.

मी खुर्चीतच बसून राहिलो. त्याने मला ओळखलं नसेल, असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण मी त्याचा भाऊ आहे, मला त्याची नजर कळते. त्याने ओळखलं. म्हणूनच दिवा बंद केला.

८

वहिनी म्हणते, सोडा ते काम. काकांनी सोडलं. नवा माणूस मात्र खूश आहे. परवा मला म्हणाला, "भाऊ, आता अजिबात हात कापत नाहीत."

मी अजून जातो. जिना चढतो, दिवा तापवतो, स्टुलावर बसतो. भिंतीतल्या स्पीकरच्या जागी नुसती खिळ्यांची भोकं आहेत. संथ धून येते, बाकीचे थांबतात. मी गोल लहान करत आणतो. माझ्या उजव्या कानाजवळ कुणीतरी नाकाने श्वास ओढतं. ओल्या साबणाचा वास येतो.

मी मान वळवत नाही. वळवली तर तो माझ्याकडे पाठ फिरवेल, हे मला माहीत आहे.

खाली नव्या माणसाचा गाल फुगतो, डोळा मिटतो, मान हलते. मी उजेड हलू देत नाही. माझ्या खांद्याला खांदा लावून माझा दादा दुसऱ्या कुणाला तरी सांगत असतो, घाबरू नकोस, मी आहे.